सोलापूरहून कला-छायाचित्रं बघायला निघताना

सोलापुरात चांगला कॅमेरा बाळगणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे फोटोग्राफरांची झुंबड उडते, नान्नजच्या माळरानावर भल्या पहाटे लेन्स रोखून बसणारे आहेत, आणि लग्नसराईत स्टुडिओवाल्यांना धड जेवायलाही फुरसत नसते. पण खास फोटो बघायला म्हणून घराबाहेर पडणारे फार थोडे. चित्रांचं प्रदर्शन असलं तर माणूस निदान डोकावून जातो. फोटोंचं म्हटलं की उत्तर येतं, "फोटो काय, मोबाईलवर रोजच बघतो की." ज्यांना हे एकदा तरी नीट जाऊन बघायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. याआधी कलादालनात पाऊल ठेवलेलं नसलं तरी काही बिघडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कलादालनात बघायचा असतो तो प्रिंट. मोबाईलच्या पडद्यावर सगळे फोटो एकाच आकाराचे, एकाच चकाकीचे होऊन जातात. भिंतीवर मात्र एक फोटो पोस्टकार्डाएवढा असतो आणि शेजारचा दाराएवढा, आणि तो आकार कुणीतरी विचार करून ठरवलेला असतो. कागद खरखरीत घ्यायचा की गुळगुळीत, काळा रंग किती गडद ठेवायचा, कडेला पांढरी जागा किती सोडायची, हे सगळं ठरवून केलेलं असतं. ते ठरवणं वाचता यायला लागलं की फोटो बघणं सुरू झालं.

आधी घरातला अल्बम काढा

तिकीट काढायच्या आधी माळ्यावरची ट्रंक उघडा. आजी-आजोबांचा लग्नातला कृष्णधवल फोटो खिडकीपाशी न्या, कडा धरून हातात घ्या आणि हळूहळू तिरका करा. जुना असेल तर गडद भागांवर, म्हणजे आजोबांच्या कोटावर किंवा मागच्या पडद्याच्या सावलीत, निळसर चंदेरी झाक चमकून जाईल. सरळ बघितलं तर ती दिसत नाही. या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरातल्या चांदीच्या कणांनी चित्र उमटलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने ती चांदी पृष्ठभागावर येते. संग्रहालयाच्या लेबलवर 'जिलेटिन सिल्व्हर प्रिंट' असं वाचाल तेव्हा दबकून जाऊ नका. तुमच्या ट्रंकेत तोच ऐवज पडून आहे.

आता सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो काढा. बरेचसे लालसर झालेले दिसतील. रंगीत कागदात निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगद्रव्यांचे थर असतात आणि ते सगळे सारख्या वेगाने विटत नाहीत. त्या काळच्या पुष्कळ कागदांवर निळसर थर आधी गेला, म्हणून सगळं घर सूर्यास्तात बसल्यासारखं दिसतं. एखादा फोटो हाताने रंगवलेलाही निघेल: चेहरा कृष्णधवल, पण ओठ, कुंकू आणि साडीचे काठ ब्रशने रंगवलेले. आपल्याकडे ही कला एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आणि आज असे रंगवलेले फोटो संग्रहालयं जपून ठेवतात. कोपऱ्यात स्टुडिओचा उठावदार शिक्का असेल तर त्यावरून बोट न फिरवता नुसता उजेडात बघा.

एक दुपार यात गेली तरी चालेल. ही नजर पुढे कामाला येते.

दुसरी पायरी: कोटणीस स्मारक

भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. आता पुन्हा जा, यावेळी फोटोंसाठी. डॉक्टरांची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे: १९१० मध्ये सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला रवाना, १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथेच मृत्यू. गोष्ट ठाऊक असल्याचा इथे फायदाच होतो, कारण 'काय घडलं' हे शोधण्यात नजर अडकत नाही. तेव्हा दुसरे प्रश्न विचारा. हा फोटो सगळ्यांना ओळीत उभं करून काढलाय की काम चालू असताना? फोटो काढणारा किती लांब उभा होता? लोक कॅमेऱ्याकडे बघताहेत की एकमेकांकडे? चौकटीच्या कडेवर कुणाचा अर्धा हात कापला गेलाय का? समोर आहे तो त्या काळचा प्रिंट आहे की पुढे मोठा करून छापलेला?

हे फोटो नोंदीसाठी काढलेले असतात, कलाकृती म्हणून नव्हे. पण या दोन्हींतली भिंत फार पक्की नाही. होमाई व्यारावाला (१९१३ ते २०१२) यांनी स्वातंत्र्याच्या काळातले फोटो वृत्तपत्रं आणि मासिकांसाठी काढले. आज तेच फोटो कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागतात आणि लोक त्यांतली रचना बघायला थांबतात. म्हणून नोंदीचा फोटो बघायची सवय हवीच.

तिसरी पायरी: गावातलं प्रदर्शन

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ मध्ये याच तारखेला फ्रान्स सरकारने दागेरोटाइपची, म्हणजे फोटो काढायच्या एका सुरुवातीच्या पद्धतीची, कृती जगासाठी खुली केली. त्या आठवड्यात गावोगावी फोटोंची प्रदर्शनं भरतात. सभागृहाचा हॉल, कॉलेजची वर्गखोली, जागा कुठलीही असो. वर्तमानपत्राच्या शहर पानावर नजर ठेवा, आणि कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारा, त्यांना सगळ्यात आधी कळतं.

अशा ठिकाणी आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात: "कुठली लेन्स?" आणि "काय क्लिअर आलाय!" ही दोन्ही वाक्यं दाराबाहेर ठेवून आत जा, असा माझा आग्रह आहे. माळढोक दिसणं दुर्मिळ, हे खरं. पण पक्षी दुर्मिळ म्हणून फोटो आपोआप चांगला ठरत नाही. गवताचा रंग, आभाळाला दिलेली जागा, पक्षी चौकटीत कुठे ठेवलाय, हेही बघायचं.

एक उदाहरण जरा जवळून घेऊ. संक्रांतीच्या मिरवणुकीचा फोटो सोलापूरच्या कुठल्याही फोटो प्रदर्शनात असतोच. सात नंदीध्वज, खाली पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले मानकरी, वर निळं आभाळ. आधी नजर त्या पांढऱ्या कापडावर न्या. छापील प्रिंटची खरी परीक्षा पांढऱ्यातच होते. बाराबंदीच्या चुण्या, बंद, खांद्यावर ताणलेलं कापड, घामाने अंगाला चिकटलेली पाठ हे सगळं दिसतंय का? की तिथे नुसता कोरा कागद उरलाय? कोरा असेल तर फोटोग्राफरांच्या भाषेत 'व्हाइट जळालाय'. मग काळ्याकडे वळा. गर्दीतले केस, सावलीतले चेहरे एकमेकांपासून सुटे दिसतात की सगळा एकच डाग झालाय? त्यानंतर कॅमेऱ्याची उंची. रस्त्यावर बसून काढला असेल तर काठ्या आभाळाला टेकलेल्या वाटतात आणि माणसं बलदंड. कुणाच्या गच्चीवरून काढला असेल तर माणसं हरवतात आणि रस्ताभर सरकणारी पांढरी रेघ दिसते. मिरवणूक तीच, पण एका फोटोत पेलणाऱ्याचं बळ आहे आणि दुसऱ्यात गावाचा आवाका. दोन्ही शेजारी शेजारी टांगलेले असतील तर तिथून लवकर हलू नका.

दालनात शिरल्यावर

पहिला फेरा न वाचता मारा. लेबलं नकोत, दाराशेजारचा मोठा मजकूरही नको. चालत चालत सगळे फोटो बघून घ्या आणि कुठे पाय अडखळतो तेवढं लक्षात ठेवा. मग परत फिरून फक्त चार-पाच फोटोंपाशी थांबा. साठ फोटोंच्या प्रदर्शनात साठही फोटो सारख्याच निष्ठेने बघायला गेलं की विसाव्याला डोळे थकतात आणि उरलेले नुसते समोरून सरकतात.

एका फोटोपुढे चार-पाच मिनिटं थांबायचं म्हणजे करायचं काय, हा प्रश्न नवख्याला पडतोच. सुरुवात अंतरापासून करा. आधी लांबून, मग हातभर अंतरापर्यंत, मग पुन्हा मागे. काही कामांचा तर सगळा डावच अंतरावर असतो. गौरी गिल यांनी डहाणू तालुक्यातल्या गंजाडमध्ये काढलेल्या कृष्णधवल फोटोंवर तिथलेच वारली चित्रकार राजेश वांगड यांनी शाईने रेघा काढल्या आहेत. 'फील्ड्स ऑफ साइट' या नावाने ही मालिका ओळखली जाते आणि २०१३ पासून ती घडत गेली. लांबून बघाल तर झाडं, माळ, बसलेला माणूस. जवळ गेलात की त्याच माळावर माणसं, प्राणी, घरं, जुन्या गोष्टी बारीक रेघांत दाटलेल्या सापडतात. कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते त्या गावच्या माणसाने वरून भरलंय. मोबाईलवर या रेघा जाळीसारख्या मिसळून जातात, म्हणून हे काम भिंतीवरच बघायला हवं.

अंतरानंतर कडा. फोटोच्या चारही कडांवरून नजर फिरवा. मधलं सगळ्यांनाच दिसतं, पण काय आत घेतलं आणि काय कापलं ते कडेला कळतं. त्यानंतर उजेड कुठून येतोय ते शोधा. सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात, डोळ्यांत खिडकीचा ठिपका चमकतोय का, यावरून खोलीचा नकाशासुद्धा मांडता येतो. आणि रंग. गंभीर फोटो म्हणजे कृष्णधवल, अशी आपली उगीचच समजूत आहे. जयपूरचे रघुबीर सिंग (१९४२ ते १९९९) आयुष्यभर रंगीत फिल्मवर काम करत राहिले, तेही जाणकार मंडळी रंगीत फोटोला कॅलेंडर म्हणून हिणवत होती त्या काळात. त्यांचे फोटो बघताना एकच रंग पकडा, समजा पिवळा, आणि तो चौकटीत कुठे कुठे पुन्हा येतो ते बघत जा. गर्दीतली शिस्त उलगडायला लागते.

शेजारचा फोटोही विसरू नका. प्रदर्शनात फोटोंचा क्रम ठरवलेला असतो. एका फोटोतली रेघ पुढच्यात जाते, एका चेहऱ्यानंतर मुद्दाम रिकामी खुर्ची येते. दयानिता सिंग यांनी हा क्रमच आपल्या कामाचा विषय केला. उघडमिट होणाऱ्या मोठ्या लाकडी चौकटींत त्या फोटो मांडतात आणि मांडणी बदलता येते. त्या चौकटींनाच त्या 'म्युझियम' म्हणतात. फोटोग्राफीतलं २०२२ चं हॅसलब्लाड पारितोषिक त्यांना मिळालं आहे.

माणसांच्या फोटोपुढे मी एक प्रश्न नेहमी विचारते: या माणसाला आपला फोटो काढला जातोय हे माहीत आहे का, आणि त्याला ते चालतंय का? मुंबईच्या सफाई कामगारांचे सुधारक ओलवे यांनी काढलेले फोटो बघताना हा प्रश्न विचारून बघा. कामगार गटारात, कचऱ्यात उभे आहेत, तरी त्यांच्याकडे वरून बघितल्यासारखं वाटत नाही. असं का वाटतं, हे कॅमेऱ्याच्या उंचीत, अंतरात आणि नजरेच्या दिशेत शोधा. उलट टोकाला पुष्पमाला एन. आहेत. त्या स्वतःच वेष करून, रंगवलेल्या पडद्यांपुढे उभ्या राहून फोटो रचतात. क्लेअर आर्नी यांच्यासोबतच्या मालिकेत त्यांनी रविवर्म्याच्या लक्ष्मीसारख्या ओळखीच्या प्रतिमा पुन्हा उभ्या केल्या. जत्रेतल्या स्टुडिओत रंगीत पडद्यापुढे फोटो काढून घेतलेल्या आपल्या पिढ्यांना हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

दोन व्यवहारातल्या गोष्टी. काचेत दिव्याचं नाहीतर आपलंच प्रतिबिंब दिसत असेल तर समोरून थोडं बाजूला सरका आणि तिरपं बघा. आणि जुन्या प्रिंटच्या खोलीत अंधार वाटला तर तक्रार करू नका. उजेडाने रंग विटतात, म्हणून अशा प्रिंटवर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात. दाराशी दोन मिनिटं थांबलात की डोळे सरावतात.

लेबल वाचणं

लेबल फोटो बघून झाल्यावर वाचा. नाव सोडून पुढच्या ओळींत खरा मजकूर असतो. '१९७८/२०१५' अशी दोन सालं दिसली तर फोटो १९७८ मध्ये काढला आणि हा प्रिंट २०१५ मध्ये केला असं समजा. फोटो काढला त्याच सुमारास केलेल्या प्रिंटला 'व्हिंटेज' म्हणतात. 'आवृत्ती ३/७ + २ एपी' म्हणजे एकूण सात प्रिंट करायचे ठरलेत, हा तिसरा, आणि शिवाय दोन प्रिंट कलावंताने स्वतःकडे ठेवलेत. 'आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट' म्हणजे टिकाऊ शाईचा उत्तम इंकजेट, 'सी-प्रिंट' म्हणजे ट्रंकेतल्या लालसर फोटोंच्याच जातीचा, रसायनांनी धुतलेला रंगीत कागद. 'अल्ब्युमेन' लिहिलं असेल तर एकोणिसाव्या शतकातला, अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला पातळ कागद. तो बहुधा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि तपकिरी, पिवळसर झालेला असतो.

गाडी पकडा: आधी पुणे, मग मुंबई

पुणं एका दिवसात होतं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जा, संध्याकाळच्या हुतात्माने परत या. पुणे स्टेशनावर मेट्रो पकडून छत्रपती संभाजी उद्यान स्थानकाला उतरलात की बालगंधर्व रंगमंदिर जवळच आहे. तिथल्या कलादालनात फोटोंची प्रदर्शनं वरचेवर लागतात. तिथून घोले रस्त्यावरचं महापालिकेचं राजा रविवर्मा कलादालन चालत गाठता येतं. निघायच्या आदल्या दिवशी काय चालू आहे ते बघून घ्या, नाहीतर चित्रांचं किंवा हस्तकलेचं प्रदर्शन वाट्याला येईल. तेही वाईट नाही, पण तुम्ही गाडीभाडं फोटोंसाठी घातलंय.

मुंबईसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेससारखी सोय नाही. रात्री झोपायचं, सकाळी सीएसएमटी. दिवसभर हिंडायचं आणि रात्रीच्या सिद्धेश्वरने परत. हॉटेलचा खर्च वाचतो. वार मात्र शनिवार निवडा. सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं आणि रविवारी बऱ्याच खासगी गॅलऱ्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची सुट्टी बुधवारी.

सीएसएमटीवर सामान ठेवून हुतात्मा चौकातून काळा घोड्यापर्यंत चालत या, वीसेक मिनिटांचा रस्ता आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन आणि समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. १९५२ मध्ये उघडलेल्या जहांगीरला प्रवेश फुकट, वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७. वरची टेरेस गॅलरी फोटोंच्या प्रदर्शनांसाठी ओळखली जाते आणि पुष्कळ जण खालचीच दालनं बघून परत फिरतात, तेव्हा जिना चुकवू नका. तिथे फोटोग्राफर बहुधा स्वतः हजर असतो. शेजारच्या मॅक्सम्युलर भवनातही डोकवा. दुपारनंतर नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रातलं दिलीप पिरामल कलादालन गाठा. फोटोग्राफीला कला म्हणून स्वतंत्र जागा देणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या दालनांपैकी ते आहे.

फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांबद्दल दोन शब्द, कारण आपली माणसं बिचकतात ती इथेच. १९६३ पासून चालत आलेली केमोल्ड किंवा कुलाब्यातली प्रोजेक्ट ८८ अशा जागा जुन्या इमारतींत असतात. दार बंद असतं, बेल वाजवावी लागते, आत थंडगार शांतता आणि कोपऱ्यात संगणकावर एखादी व्यक्ती. कुणी 'या, बसा' म्हणणार नाही, आणि त्याचा अर्थ नकोसे आहात असाही नाही. प्रवेशाला पैसे नाहीत, विकत घ्यायची सक्ती नाही, कपड्यांकडे कुणी बघत नाही. वहीत नाव लिहा, प्रदर्शनाचा माहितीचा कागद मागून घ्या आणि शंका असेल तर सरळ मराठीत किंवा हिंदीत विचारा. हा प्रिंट कसा केला, असं विचारलं की मंडळी उत्साहाने बोलायला लागतात. मोबाईलने फोटो काढायचा असेल तर आधी विचारायचं आणि फ्लॅश कुठेही मारायचा नाही.

याच्याही पुढे जायचं असेल तर उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच बेंगळुरूला जाते. तिथे कस्तुरबा रोडवर २०२३ मध्ये सुरू झालेलं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी आहे. फोटो हा संग्रहाचा मुख्य भाग मानणारं संग्रहालय आपल्या एका रात्रीच्या अंतरावर असावं, हे मला आपलं भाग्य वाटतं. ग्रामीण भिंतीचित्रं आणि रांगोळ्या टिपत देशभर फिरलेले ज्योती भट्ट यांचा संग्रह त्यांच्याकडे आहे. सोमवारी बंद. हैदराबादला २०१५ पासून इंडियन फोटो फेस्टिव्हल भरतो. तेही आपल्याला मुंबईपेक्षा जवळ.

अभिप्रायाच्या वहीत

दाराशी ठेवलेल्या वहीत 'खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा' लिहून निघून जाऊ नका, निदान सोलापुरातल्या प्रदर्शनात तरी नको. काढणारा आपल्याच गावचा असतो आणि प्रदर्शनाचा खर्च बहुतेकदा त्याने खिशातूनच केलेला असतो. कुठल्या फोटोपाशी थांबलात, त्यात काय दिसलं, कुठला फोटो पटला नाही आणि का, एवढं दोन ओळींत लिहा. फोटोग्राफर तिथेच उभा असेल तर वही बाजूला ठेवा आणि त्याला त्या फोटोपुढे घेऊन जा.